अप्रेंटिसशिप: शोधण्यापासून प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत

"सर, कंपनीत लागलो. अप्रेंटिस म्हणून."

निकाल लागून महिना-दोन महिने झाले की मागच्या बॅचची पोरं वर्कशॉपच्या दारात येऊन हे सांगतात. मी आयटीआयमध्ये फिटरचा निदेशक आहे. पाठ थोपटायच्या आधी मी एकच विचारतो, "कराराचा नंबर आला का?" निम्मी पोरं गप्प होतात. "एचआरवाले म्हणाले, येईल."

हा लेख त्या निम्म्यांसाठी आहे. अजून शोधाशोधच चालू असेल त्यांच्यासाठीही आहे. आयटीआयची उदाहरणं जास्त येतील, कारण माझा दिवस तिथेच जातो. डिप्लोमा आणि पदवीवाल्यांचं कुठे वेगळं आहे ते मध्ये मध्ये सांगतो.

आधी शब्द नीट समजून घ्या

कंपनीच्या गेटवर 'ट्रेनी', 'इंटर्न', 'अप्रेंटिस' हे शब्द एकाच अर्थाने फिरतात. कायद्यात तसं नाही. अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, हा 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखाली नोंदवलेल्या करारानेच होतो. एजन्सीमार्फत 'ट्रेनी' म्हणून लागलात, ओळखपत्र मिळालं, पगारही सुरू झाला, तरी तो करार नसेल तर तुम्ही अप्रेंटिस नाही. वर्षाच्या शेवटी तुम्हाला परीक्षेला बसता येणार नाही आणि प्रमाणपत्रही मिळणार नाही.

कॉलेजमधली 'कमवा आणि शिका' ही आणखी वेगळी. तिथे ग्रंथालयात किंवा कार्यालयात तासावर काम करून शिक्षणाचा खर्च भागवायचा असतो. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना, दोन्ही 2024 मध्ये आल्या. त्यांचा उपयोग होतो, पण त्या अप्रेंटिसशिप नव्हेत. फॉर्म भरताना वर कोणत्या योजनेचं नाव आहे ते वाचा. एवढं वाचलं तरी पुढचे बरेच घोटाळे टळतात.

तुमचं दार कोणतं?

आयटीआय झालेले, आणि दहावी-बारावीनंतर थेट कंपनीत शिकू इच्छिणारे, यांच्यासाठी राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजना आहे. बोलण्यात तिला 'नॅप्स' म्हणतात. ती 2016 मध्ये सुरू झाली आणि कौशल्य विकास मंत्रालयाच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर चालते.

डिप्लोमा आणि पदवीवाल्यांसाठी राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना, म्हणजे 'नॅट्स' आहे. ती शिक्षण मंत्रालयाची योजना असून तिचं पोर्टल वेगळं आहे. पश्चिम विभागाचं काम मुंबईतलं अप्रेंटिसशिप ट्रेनिंग बोर्ड बघतं, त्याला सगळे 'बोट' म्हणतात. एटीकेटी राहिलेल्यांनी एक लक्षात ठेवा. शेवटच्या वर्षाचे दोन विषय अडकलेले असतील तर तुम्ही अजून डिप्लोमाधारक नाही, आणि त्या गटात तुमचा करार होत नाही. आधी विषय काढा.

तिसरं दार पदवी चालू असणाऱ्यांचं आहे. युजीसीने 2020 मध्ये अप्रेंटिसशिप पदवीतच गुंफायची मार्गदर्शक तत्त्वं काढली. अशा अभ्यासक्रमात किमान एक सत्र कंपनीत जातं आणि त्याचे क्रेडिट मिळतात. पण हे आपल्या कॉलेजने तो अभ्यासक्रम घेतला असेल तरच. नियमित पदवीला नाव घातलंय आणि परस्पर कुठेतरी पूर्ण वेळ अप्रेंटिस करतोय, असं करून काही पोरं दोन्हीकडची हजेरी गमावून बसतात. काम करतच पदवी हवी असेल तर मुक्त विद्यापीठाचा रस्ता सरळ आहे.

कागदपत्रं: नाव एकसारखं करा

माझ्याकडे अडलेली जी प्रकरणं येतात, त्यात निम्म्याहून जास्त नावाची असतात. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी आणि आडनाव शेवटी, किंवा वडिलांचं नाव गायबच. क्रम उलटा असला तर सहसा निभावतं, स्पेलिंग वेगळं असलं की अडतं. आधारवरची जन्मतारीख चुकलेली असेल तर ती आजच दुरुस्तीला टाका. मुलाखत झाल्यावर धावपळ केली तर ती जागा दुसऱ्या कोणाला गेलेली असते.

दुसरी गोष्ट बँकेची. विद्यावेतनातला सरकारचा हिस्सा थेट तुमच्या खात्यात येतो, पण कोणत्या खात्यात? तुम्ही पोर्टलवर लिहिलेल्या खात्यातच येईल असं नाही. तुमच्या आधारला एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) यादीत जे खातं जोडलेलं आहे, त्यात येतो. 'माझं खातं आधारला लिंक आहे' असं सगळेच म्हणतात. बँकेने केवायसीसाठी आधार घेतलं असतं, त्यालाच ते लिंक समजतात. सीडिंग, म्हणजे डीबीटीचे (थेट जमा होणारे सरकारी) पैसे कोणत्या खात्यात टाकायचे त्याची जोडणी, ते वेगळं. एका पोराचे चार महिन्यांचे पैसे शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या खात्यात जाऊन बसले होते. त्या बँकेचं पासबुकही त्याला सापडत नव्हतं. बँकेत जाऊन विचारताना नेमकं असं विचारा, "माझं आधार डीबीटीसाठी कोणत्या खात्याला सीड आहे?"

बाकी यादी नेहमीचीच: दहावीची आणि पुढच्या सगळ्या सत्रांची मार्कशीट, आयटीआय असेल तर राष्ट्रीय ट्रेड प्रमाणपत्र, असल्यास जातीचा दाखला, फोटो, आणि रोज बघता असा ईमेल. ईमेल सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला नको. करार त्यावरच येतो.

जागा कुठे शोधायची

पोर्टलवर प्रोफाइल पूर्ण करून ट्रेड आणि जिल्हा निवडला की जागा दिसतात. तिथे अर्ज करायचाच, पण करून घरी बसू नका. एका जागेवर पाचशे अर्ज पडतात आणि एचआरचा माणूस पहिली दोन पानं बघून थांबतो.

त्यापेक्षा कायदा काय म्हणतो ते वापरा. 2019 च्या नियमांनुसार 30 किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. प्रमाण आहे एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के, आणि त्यात कंत्राटी माणसंही मोजतात. 4 ते 29 माणसं असतील तर ते कंपनीच्या मर्जीवर. म्हणजे तुमच्या जवळच्या एमआयडीसीत दीडशे माणसांचा कारखाना असेल तर त्याला निदान चार अप्रेंटिस हवेतच, पोर्टलवर जागा दिसो किंवा न दिसो. अशा वीस कंपन्यांची यादी करा आणि फाइल घेऊन गेटवर जा. सिक्युरिटीवाला "व्हेकन्सी नाही" म्हणेल, ते त्याचं कामच आहे. त्याच्याशी हुज्जत न घालता एचआरचा ईमेल मागून घ्या आणि त्याच दिवशी अर्ज पाठवा. सोमवारी सकाळी मात्र जाऊ नका, तेव्हा कोणालाच वेळ नसतो.

तुमच्या जिल्ह्यातलं बीटीआरआय, म्हणजे मूलभूत प्रशिक्षण तथा अनुषंगिक सूचना केंद्र, बहुतेकांना माहीतच नसतं. अप्रेंटिसशिपचं सरकारी कामकाज तिथूनच चालतं. कोणत्या कंपनीने यंदा किती जागा भरल्या नाहीत, हे तिथल्या लोकांना तोंडपाठ असतं. अप्रेंटिस भरतीचे मेळावे आयटीआयमध्ये होतात, त्यांच्या तारखाही तिथेच कळतात.

सरकारी जाहिरातींची गोष्ट निराळी. रेल्वे, एसटी महामंडळ, महावितरण, माझगाव डॉक, ओझरचं एचएएल या ठिकाणी मोठ्या संख्येने अप्रेंटिस घेतात. रेल्वेत परीक्षा नसते. दहावीचे आणि आयटीआयचे गुण धरून गुणवत्ता यादी लागते. म्हणून दहावीला 52 टक्के असलेल्याने वर्षभर रेल्वेचीच वाट बघत बसू नये. अर्ज जरूर करावा आणि खासगीतही शोधत राहावं.

आणि कोणी पैसे मागितले की तिथेच थांबा. पोर्टलवरची नोंदणी फुकट आहे. 'डिपॉझिट', 'युनिफॉर्म चार्ज', 'करार फी', काहीही नाव दिलं तरी.

मुलाखत

फार नसतं काही. फिटर असाल तर व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) हातात देतील आणि लीस्ट काऊंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारतील. सगळे पोपटासारखं "0.02 मिमी" म्हणतात. मग समोरचा माणूस एक जॉब, म्हणजे मोजायचा तुकडा, पुढे सरकवतो, "मोजून दाखवा." तिथे निम्मे अडतात. मुख्य स्केलवर 23, व्हर्नियरची सतरावी रेघ जुळतेय, म्हणजे 23.34. हे न अडखळता आलं, आणि मोजायच्या आधी जबडे बंद करून शून्य चूक (माप शून्यच दाखवतं का ते) बघितली, तर तेवढ्यावर तुमची निवड होऊ शकते. माझ्या ओळखीचे एक फोरमन तर पोरगा शून्य चूक बघतो का, एवढंच बघतात.

प्रश्न तुम्हीही विचारायचे. कोणत्या विभागात ठेवणार? किती महिन्यांनी बदलणार? थर्ड शिफ्ट आहे का? बस आणि कॅन्टीन अप्रेंटिसला लागू आहे का? करार पोर्टलवर कधी टाकणार? शेवटच्या प्रश्नाला "बघू" असं उत्तर आलं तर तो कागदावर होकार आणि मनात नकार समजा.

करार

माझी स्वतःची अप्रेंटिस एका कारखान्यात झाली. पहिल्या दिवशी चार कागदांवर सह्या घेतल्या. मी खूश. पाचव्या महिन्यात सोबतच्या एकाने चौकशी केली तेव्हा कळलं, कागद कपाटातच होते. नोंदणी झाली सहाव्या महिन्यात आणि माझं वर्ष त्या तारखेपासून मोजलं गेलं. बारा महिन्यांची अप्रेंटिस मी सतरा महिने केली. पहिल्या पाच महिन्यांचा कुठे उल्लेखसुद्धा नाही.

आता सगळं ऑनलाइन आहे, त्यामुळे तुम्हाला स्वतःला बघता येतं. कंपनी पोर्टलवर करार तयार करते, तो तुमच्या लॉगिनला येतो, तुम्ही स्वीकारता, मग सरकारी बाजूने मंजुरी होऊन नोंदणी क्रमांक पडतो. 18 वर्षांखालील असाल तर पालकांची सही लागते. स्वीकारण्यापूर्वी एवढं वाचा: ट्रेडचं नाव तुमचंच आहे ना (फिटर आयटीआय आणि करारात 'असेंब्ली ऑपरेटर' असं होतं, आणि ते चालवून घेऊ नये), सुरुवातीची आणि शेवटची तारीख, विद्यावेतनाचा आकडा, प्रशिक्षणाचं ठिकाण. पीडीएफ उतरवून स्वतःला ईमेल करून ठेवा.

रुजू होऊन महिना झाला आणि क्रमांक आला नाही, तर एचआरला तोंडी नाही, ईमेलने विचारा. दोन ओळी पुरतात: 'मी अमुक तारखेपासून रुजू आहे. माझ्या कराराची नोंदणी कोणत्या टप्प्यावर आहे ते कळवावे.' भांडणाचा सूर नको. तारीख मात्र हवी.

पैशाचा हिशेब

2019 च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना 5,000 ते 9,000 रुपये ठरवलं. त्यात आयटीआयला 7,000, डिप्लोमाला 8,000, पदवीधराला 9,000. मे 2025 मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने यात 36 टक्के वाढीची शिफारस केली. त्यामुळे करार स्वीकारायच्या दिवशी पोर्टलवरचा लागू दर बघा आणि आकडा ताडून घ्या. हा किमान दर आहे, चांगल्या कंपन्या यापेक्षा जास्त देतात.

नॅप्समध्ये सरकार विद्यावेतनाच्या 25 टक्के, पण महिना जास्तीत जास्त 1,500 रुपये, थेट तुमच्या खात्यात टाकतं. समजा करारात 7,000 आहेत. पंचवीस टक्के म्हणजे 1,750, पण मर्यादा 1,500. मग कंपनीकडून 5,500 आणि सरकारकडून 1,500. पासबुकात 5,500 बघून "सर, कंपनीने पैसे कापले" म्हणत येऊ नका, आधी दुसरं खातं बघा. नॅट्समध्ये किमान दराचा निम्मा वाटा सरकारचा असतो.

पीएफ आणि ईएसआय कापत नाहीत, कारण कायद्याने तुम्ही कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहात. याची दुसरी बाजूही आहे: अप्रेंटिस सल्लागाराच्या (हे काम बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) परवानगीशिवाय तुम्हाला ओव्हरटाईमला थांबवता येत नाही. सुरक्षिततेचे नियम मात्र कामगाराइतकेच लागू आहेत, आणि कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कंपनीची. सेफ्टी शूज मिळेपर्यंत शॉपफ्लोअरवर पाय ठेवू नका. चपलेवर काम करणारा अप्रेंटिस दिसला की माझं डोकं फिरतं.

वर्ष कसं चालवायचं

इथे सगळ्यात जास्त चुकतं, आणि चूक कोणाची एकाची नसते. तुम्ही मशीनवर चटकन बसता, प्रॉडक्शन निघतं, शिफ्ट इन्चार्जला बरं वाटतं. तो तुम्हाला तिथून का हलवेल? एक मुलगी वर्षभर एकाच ड्रिलिंग मशीनवर होती. हात इतका बसला होता की डोळे मिटून भोक पाडेल. परीक्षेत शाफ्टच्या खाचेत की (धातूची पट्टी) बसवायला सांगितली तर कानस धरता येईना.

म्हणून वही घाला. रोजच्या कामाची नोंद ठेवणं नियमातच आहे, पण 'मशीनवर काम केले' असं 26 वेळा लिहून वही भरते, शिकणं होत नाही. नोंद अशी हवी (रनआउट म्हणजे शाफ्ट फिरताना किती डगमगतो ते):

'सेकंड शिफ्ट. पंपाचा शाफ्ट व्ही ब्लॉकवर ठेवून डायलने रनआउट बघितला. 0.07 आला, ड्रॉइंगवर 0.03. काका म्हणाले, आधी व्ही ब्लॉक पूस. पुसल्यावर 0.04. सेंटर पुन्हा साफ केले, 0.02. शाफ्ट पास.'

पाच ओळी, पण तीन महिन्यांनी वाचलं तरी सगळं आठवतं. मुलाखतीत "तुम्ही काय काम केलं?" याचं उत्तर याच वहीत असतं. आठवड्याला सुपरवायझरची सही घ्या. तो कंटाळेल, शनिवारी शिफ्ट संपताना गाठा.

वहीचा खरा फायदा पुढे. दोन महिने एकाच मशीनच्या नोंदी दिसल्या की ती वही घेऊनच इन्चार्जकडे जायचं: "साहेब, अभ्यासक्रमात मेंटेनन्स आहे, माझं अजून काहीच झालं नाही. पुढच्या महिन्यात पंधरा दिवस तिकडे पाठवाल का?" रिकाम्या हाताने गेलेल्याला 'बघू' मिळतं. वही दाखवणाऱ्याला बहुतेकदा तारीख मिळते.

जुन्या ऑपरेटरांशी जमवून घ्या. सुपरवायझर प्रक्रिया शिकवेल, पण बेअरिंग बिघडायच्या आधी आवाज कसा बदलतो ते कान लावून दाखवणारा माणूस म्हणजे पंचवीस वर्षं त्याच मशीनवर उभा असलेला काका. सुरुवातीला तो चहा आणायला पाठवेल. महिनाभर आणा. दुसऱ्या महिन्यातही फक्त चहाच असेल तर मग बोला.

सोबत अभ्यास चालू असेल तर परीक्षेचं वेळापत्रक आलं त्याच दिवशी रजेचा अर्ज द्या, हॉल तिकिटाची वाट बघू नका. रजा कंपनीच्या नियमांनुसार मिळतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच त्या किती ते विचारून ठेवा आणि सणावारात उधळू नका. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात अभ्यास होत नाही, हे मान्य करून टाका. त्या आठवड्यात झोपा. फर्स्ट शिफ्टला साडेतीनला सुटता, घरी जाऊन आडवं व्हायच्या आधीचे दोन तास हेच खरे. खोलीवर पाच जण राहत असाल तर गावातली अभ्यासिका बघा.

बिनसलं तर

विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत मिळायला हवं. ते अडकलं, ट्रेडशी संबंध नसलेलं काम दिलं, किंवा जबरदस्तीने थांबवलं, तर आधी एचआर, मग बीटीआरआयमधले सहायक शिकाऊ उमेदवारी सल्लागार. कराराबाबतचे वाद त्यांच्या पुढेच सुटतात. जाताना करार, पासबुक आणि ती वही न्या.

रागाच्या भरात उद्यापासून जायचं बंद करू नका. करार मधेच मोडला आणि दोष तुमचा ठरला तर प्रशिक्षणाचा खर्च मागता येतो. दोष कंपनीचा ठरला तर ती भरपाई देते. दोन्हीकडे निर्णय सल्लागारांचा. शिवाय एकदा मोडलेल्या करारानंतर दुसरा करार करायचा तर पुन्हा त्यांचीच परवानगी लागते. घरची खरी अडचण असेल तर तसं लेखी द्या, त्यातून मार्ग निघतो.

वर्ष संपताना

आयटीआयच्या ट्रेडना अखिल भारतीय व्यवसाय चाचणी असते. ती पास झालात की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. नॅट्सवाल्यांना बोटकडून प्रावीण्य प्रमाणपत्र मिळतं. परीक्षेचा अर्ज कंपनीमार्फत जातो, आणि तो राहून गेला असं दरवर्षी कोणाचं तरी होतं. शेवटच्या दोन महिन्यांत दर आठवड्याला पोर्टलवर स्वतः डोकावा.

कंपनी कायम करेलच असं नाही, कायदा तिला तसं बांधत नाही. भरतीचं धोरण प्रत्येक कंपनीने स्वतः ठरवायचं असतं, ते काय आहे हे दहाव्या महिन्यात विचारा, बाराव्यात नाही. रेल्वेत अप्रेंटिस केलेल्यांना लेव्हल 1 च्या (सगळ्यात खालच्या पातळीच्या) भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात, पण तिथे परीक्षा द्यावीच लागते.

शेवटच्या दिवशी गेटपास जमा करायच्या आधी चार गोष्टी हातात घ्या: कंपनीच्या लेटरहेडवर विभागांच्या नावांसह अनुभवपत्र, हजेरीचा उतारा, सगळ्या महिन्यांच्या विद्यावेतनाचा ताळा, आणि सुपरवायझरचा नंबर. गेटपास एकदा जमा झाला की पुन्हा आत जायला व्हिजिटर पास लागतो, आणि तो द्यायचा की नाही ते त्या पहिल्या दिवशीच्या सिक्युरिटीवाल्याच्या हातात असतं.